चिमणाबाईचा डावा हात

विंचरायला वर नेलेला चिमणाबाईचा डावा हात खांद्यापाशीच अडकला. फणी खाली पडली, आणि दारात चहा पीत बसलेल्या कृष्णातानं वळून पाहिलं.

डावा हात म्हटल्यावर त्याला दुसरं काही सुचेना. कळंब्यातल्या त्यांच्याच गल्लीतला सयाजी असाच 'डावा हात भरून आलाय' म्हणत ओसरीवर टेकला होता, तो पुन्हा उठलाच नाही. कृष्णातानं चहा तसाच ठेवला, बायकोला रिक्षात घातलं आणि थेट कोल्हापूर गाठलं.

डॉक्टर सोमेश हेब्बाळे ओळखीचे. आल्याआल्या त्यांनी कृष्णाताशी हात मिळवला, त्याला बाहेर बसवलं आणि चिमणाबाईला आत घेतलं. बराच वेळ लागला. बाहेरच्या बाकावर बसून कृष्णाताच्या जोतिबापासून अंबाबाईपर्यंत सगळ्यांना हाका मारून झाल्या.

मग डॉक्टरांनी त्याला आत बोलावून नीट समजावलं. हात दुखायला हृदयच लागतं असं नाही. मानेची शीर दबते, साखर वाढली की खांदा धरतो, नाहीतर कामानं हात दुखावतो. वहिनींची ईसीजीची पट्टी स्वच्छ निघाली होती, साखरही ठीक होती. राहता राहिलं काम. म्हशीच्या धारा, शेण, पाण्याच्या घागरी. हात झोळीत ठेवायचा आणि मी सांगेपर्यंत कासेला लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

कृष्णाताचा जीव भांड्यात पडला खरा, पण वाटेत त्याला आपलीच लाज वाटायला लागली. घरातलं सगळं काम तिच्या गळ्यात पडलं होतं ते त्याच्यामुळं. वर्षापूर्वी ट्रकवर ताडपत्री बांधताना तो पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटं आखडली. हेब्बाळ्यांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यानं गल्लीतल्या पोरांना देऊन टाकला. बाप्या माणसानं चेंडू दाबत बसायचं होय? स्टिअरिंग सुटलं, ट्रक गोठ्याशेजारी धूळ खात उभा राहिला आणि पठ्ठ्या उंबऱ्यात बसून जगावर चिडायला लागला. गारगोटीचा एक पाहुणा ट्रक घ्यायला तयार झाला होता.

"माझं दुखणं सरूस्तवर गाडी इकू नगासा," चिमणाबाई म्हणाली. "घरात दुखणं असताना दारातली चाकं हलवू न्हाईत."

कृष्णातानं ते ऐकलं. नवं दुखणं नको होतं त्याला घरात.

आता प्रश्न म्हशीचा. चांदी म्हणजे खाष्ट जनावर. शेजारची बयाबाई धारा काढून द्यायला तयार होती, पण चिमणाबाईनं तिला परस्पर वाटेला लावलं. परक्या हाताला चांदी पान्हा सोडत नाही, आटून जाईल, म्हणाली. घरचाच हात पाहिजे. मग घरात दुसरा हात होता कुणाचा?

पहिल्या दिवशी चांदीनं त्याला लाथेनं बादलीसकट उडवलं. दुसऱ्या दिवशी चिमणाबाईनं आपलं जुनं लुगडं त्याच्या अंगावर टाकलं, वासानं तरी म्हस फसेल म्हणून. मिशीवाला कृष्णात पदर घेऊन कासेखाली बसला. गल्लीतल्या ज्ञानूनं कुंपणावरून डोकावून "वैनी, चहा टाका की" म्हटलं आणि कृष्णातानं त्याला शेलक्या शिव्या घातल्या. पण चांदीनं पान्हा सोडला.

चिमणाबाई झोळीतला हात सांभाळत शेजारी बसायची आणि सारखी टोकायची. गार हात लागला की म्हस दूध चोरती, म्हणून आधी ऊन पाण्यात चांगले हात भिजत ठेवायचे. चिमटीनं ओढलं की सड दुखतो, म्हणून पुऱ्या मुठीनंच काढायचं. डावा दमला तरी उजव्यानं थांबायचं नाही. कृष्णाताच्या डोळ्यांत कळांनी पाणी यायचं, पण झोळीकडं नजर गेली की तो ओठ चावून धार ओढायचा.

शिवाय वेणी होती, अंबाडा होता. झोळीची गाठही तिच्या मानेमागं रोज त्यालाच मारावी लागायची, आणि सैल मारली तर ती पुन्हा मारायला लावायची. माहेरात न झालेले लाड करून घेते आहे, असं तो पुटपुटायचा. पण मनातून त्याला आवडायचं ते. गेल्या वर्षभरात तिच्याशी धड बोलला तरी कुठं होता?

पंधरवड्याच्या पंधरवड्याला ते हेब्बाळ्यांकडे जायचे. डॉक्टर दर खेपेला कृष्णाताशी हात मिळवायचे, चिमणाबाईला 'अजून नाही' म्हणायचे आणि परत पाठवायचे. कृष्णाताची झोप उडाली. रात्री तो अंधारात तिच्या खांद्यावरून हात फिरवत राहायचा.

"बरं वाटतंय न्हवं?" तो विचारायचा.

"वाटंल की. तुमी धारा चुकवू नगासा म्हंजे झालं."

दिवाळी उलटली आणि आता थांबणार नाही, उद्या ट्रक न्यायला येतो, असा गारगोटीच्या पाहुण्याचा निरोप आला. त्याच दिवशी कृष्णात दवाखान्यात शिरला तो भांडायच्याच तयारीनं.

"डाक्टर, खरं काय ते सांगा. हिचा हात बरा हुणार न्हाय का? मी जल्मभर धारा काढीन, वेणी घालीन, मला काय त्याचं न्हाय. पर हिला काय झालंय, ते मला कळू द्या."

चिमणाबाई खाली मान घालून बसली होती. नेहमीसारखा डॉक्टरांनी हात पुढं केला. कृष्णातानं रागारागानंच तो धरला आणि दाबला. डॉक्टर कळवळले, हात सोडवून घेऊन झटकत राहिले आणि मग हसत चिमणाबाईकडं वळले.

"वहिनी, पेशंट बरा झाला. सोडा आता ती झोळी."

चिमणाबाईनं दोन्ही हात सरळ मानेमागं नेले आणि कृष्णातानं सकाळी करकचून मारलेली गाठ सोडली.