दाजीशेठांच्या नाकातला कापूस

भर उन्हातही संगमरवर थंड राहतो. भिवंडीत लूमचा कापूस उडून सगळ्यांच्या अंगावर बसतो. लूमवर राबणाऱ्या रघूला कालपासून दवाखान्यात ऑक्सिजन लावला होता.

रघूची बायको काशी बागेत झाडलोट करायची. सकाळी ती तिथल्या दाजीशेठांच्या संगमरवरी पुतळ्याचं तोंड पुसायला चढली. रघू होता तो दवाखाना शेठनीच गावाला बांधून दिला होता.

"शेठ, माझ्या माणसाला सांभाळा हां," ती म्हणाली. "रोज तुमचं थोबाड काय फुकट पुसते?"

शेठच्या नाकाखाली चिकटलेला कापूस आत ओढला गेला. मग बाहेर आला. पुन्हा आत गेला.

मोबाइल वाजला. तिची पोरगी हेमाली दवाखान्यातून रडत होती, "आये, बाबा श्वासच घेत न्हाय!"

काशीने फडक्यावरचा कापूस वळला आणि मेलेल्या माणसाच्या नाकात घालतात तसे दोन बोळे दगडाच्या नाकपुड्यांत कोंबले.

"घेतला! आये, बाबाने श्वास घेतला!"

बोळ्यांवरून हात काढायची काशीची छाती होईना. बोटांखालचा दगड कोमट झाला. मग ते पांढरे ओठ सावकाश उघडले.

"आये, परत थांबला!"

दाजीशेठ कामवारी नदीत बुडाले होते, आणि नाकात बोळे घालायला त्यांचं प्रेत कधीच सापडलं नव्हतं.