काठोकाठ

मोल्दोकूलबाबांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला, नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. खोलीतली सगळी माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. पातेल्यापाशी पळी घेऊन बसलेली ऐझिरेक मात्र मान खाली घालून होती. तिचा जीव टांगणीला लागला होता.

हिवाळा लागला की गावातले पुरुष पाळीपाळीनं एकमेकांच्या घरी बोझो प्यायला बसत. वरीची पेज आंबवून बोझो करायचं आणि वाढायचं काम घरच्या सुनेचं. मोल्दोकूलबाबा या बैठकीचे पंच. गेल्या हिवाळ्यात ऐझिरेकच्या पहिल्याच पाळीला त्यांनी एक घोट घेऊन वाडगा खाली ठेवला होता आणि तिच्या सासूला हाक मारून सांगितलं होतं, "बात्मा, हे वासराला नको हं घालूस. वासरू रुसेल."

माणसं पोट धरून हसली. पुढे वर्षभर नळावरच्या बायका तिला वासराची खुशाली विचारत होत्या.

ऐझिरेकनं ते मनाला लावून घेतलं. पेज कढत असतानाच तिनं मोड आलेल्या गव्हाचं पीठ घातलं होतं. पीठ पोळलं आणि सगळ्याची आंबूस खळ झाली. सासू बाजाराला गेली की ती लहान पातेल्यात पुन्हा करून बघे. पेज बोट बुडवून धरवेल इतकी निवेपर्यंत थांबायला शिकली. मोड पांढरे असतानाच गहू वाळत घालायला शिकली, कारण हिरवे झाले की कडवटपणा उतरतो. बिघडलेलं सगळं त्या वासराच्याच पोटात गेलं. ते काही रुसलं नाही.

बाबांनी घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग वाडगा रिकामा करूनच खाली ठेवला.

"सूनबाई," मिशा पुसत ते म्हणाले, "वासराच्या नशिबी यातला थेंब नाही आता."

ऐझिरेकला रडू फुटेल असं वाटलं. एवढा आनंद तिला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. वाडगे भराभर पुढे यायला लागले आणि ती वाढत गेली. त्यातलाच एक वाडगा तिच्या नवऱ्याचा, कुबतचा होता. तोही पिऊन रिकामा केलेला होता.

लग्नाआधीच्या एका हिवाळ्यात कुबत व्होडका पिऊन बर्फात झोपून गेला होता. उजव्या हाताची दोन बोटं तेव्हा कापावी लागली. तेव्हापासून त्यानं पिणं सोडलं होतं. बोझो थोडं चढतं, तरी गाव त्याला दारू मानत नाही. पण दुसऱ्यांच्या घरीसुद्धा कुबत वाडगा नुसता ओठाला लावून शेजाऱ्याकडे सरकवायचा. गेल्या वर्षी तर घरचंच बोझो असं झालं होतं की नाही म्हणायचीही वेळ आली नाही.

ऐझिरेकनं त्याला जेमतेम तळ भिजेल इतकं वाढलं. त्यानं ते एका दमात संपवलं आणि वाडगा पुन्हा पुढे केला. पुढच्या वेळी तिनं आणखी कमी वाढलं, तेव्हा बाबांनी तिला हटकलं. बायकोच्या हाताला इतकी चव आली आणि नवऱ्यानं नुसतं चाखत बसायचं होय, असं ते म्हणाले. पंचांचा शब्द. तिनं वाढलं. मग पुन्हा वाढलं.

कुबत हसायला लागला. असं मोठ्यानं हसताना ऐझिरेकनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. बात्मानं पाहिलं असावं, कारण तळलेल्या पुऱ्या मांडता मांडता तिचे हात थांबले.

"बोझो म्हणजे काय दारू आहे का?" कुबत म्हणाला. त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

पातेलं अजून अर्धं भरलेलं होतं. आज उजाडेपर्यंत हलायचं नाही, असं बाबांनी जाहीर केलं आणि वाडगा पुढे केला. ऐझिरेकनं पळी बुडवली. वाडगा अर्धा भरला. ती थांबली नाही. बोझो कडेपर्यंत आलं, काठावर थरथरलं, तरी तिनं आणखी थोडं ओतलं.

सगळ्यांनी त्या वाडग्याकडे पाहिलं. पाहुण्याचा वाडगा अर्धाच भरायचा असतो, म्हणजे तो पुन्हा मागेल, आणखी बसेल. काठोकाठ भरला की त्याचा अर्थ एकच, प्या आणि उठा.

"हात चुकला का गं?" बाबांनी हळूच विचारलं. एरवी एवढ्या मऊ आवाजात ते कुणाशी बोलत नसत.

"नाही, बाबा," ऐझिरेक म्हणाली, आणि तिनं शेजारचा वाडगा ओढून तोही काठोकाठ भरला. मग त्यापुढचा. तिचे कान लाल झाले होते.

बात्मा उठली. आता ही सुनेच्या हातून पळी हिसकावून घेणार, असंच सगळ्यांना वाटलं. बात्मा खुंटीपाशी गेली, तिनं मोल्दोकूलबाबांची लोकरी टोपी काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

बाबांनी टोपी घातली. बैठक संपताना मागायची दुवा न मागताच माणसं उठली. दारात बाबा म्हणाले, "बोझो चांगलं केलं होतंस, सूनबाई. पण या घरी आता पाळी यायची नाही." बात्मा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली.

वाडग्यांना कुणी हातसुद्धा लावला नव्हता. ते तसेच काठोकाठ भरलेले, चादरीवर रांगेनं उभे होते. ऐझिरेकनं पहिला वाडगा जपून उचलला, पातेल्यात परत ओतायला. तीन बोटांचा एक हात त्याच्या काठावर आला.

"राहू दे," कुबत प्रेमानं म्हणाला. "इतकं चांगलं झालंय."