वारुळाची माती

“ताये, तू हात धुवनच जखम बांधतंस मगे?”

गौरेशने हे डॉक्टरांसमोरच विचारलं. आखातातून रजा काढून तो आठ महिन्यांत तिसऱ्यांदा धावत आला होता. इस्पितळात आईच्या खाटेवर बसून तिला पेज भरवत होता. हेच आठ महिने त्याची बहीण तारा पाणी उकळून, कोपरापर्यंत साबण लावून आईचा पाय धूत होती. पण दुरून डोंगर साजरे, आणि आईचा डोंगर तर समुद्रापलीकडचा.

डॉक्टर म्हणाले, “हा आजार क्वचित दिसतो. मेलिऑइडोसिस. याचा जंतू मातीत असतो, साखरेच्या रुग्णाला जखमेतून गाठतो. इथे पाय बरा होतो, घरी गेल्या की पुन्हा तेच. घरी माती लागते कुठून?” मग त्यांनी आवाज उतरवला. “आणखी एकदा झालं, तर पाय काढावा लागेल.”

आईने ते ऐकलं. पण तिचं लक्ष पुढच्या चमच्याकडे होतं. घरी ताराने केलेली पेज ती दोन घास खाऊन सारून द्यायची.

दर शुक्रवारी तारा सातेरी देवीच्या देवळातून, तिथे पुजल्या जाणाऱ्या वारुळाची चिमूटभर माती आणत होती. आईनेच मागितली होती, कपाळाला लावायला. पुडी उशाखाली असायची. तिने सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे तूच मारतंस तिका!” गौरेश ओरडला. अख्खा वॉर्ड बघायला लागला.

आई आपली बाजू घेईल असं ताराला वाटलं होतं. आईने भिंतीकडे मान वळवली.

धारगळला घरी परतल्यावर ताराने पुडी विहिरीपलीकडे फेकली. देवळाची वाटही सोडली. देवीवर रुसली की स्वतःवर, तिलाच कळेना. जखम मात्र भरत आली. गौरेश विसाव्या दिवशी निघून गेला.

आई दिवसभर घराच्या पुढच्या सोप्यावर बसून असायची. आधाराशिवाय उंबरठाही ओलांडत नसे. मोपाच्या विमानतळावरून विमान उठलं की दिसेनासं होईपर्यंत बघायची. डॉक्टरांनी मिशरी बंद केली होती, तरी तिची नखं काळी दिसायची. चोरून लावत असेल, म्हणून ताराने काणाडोळा केला. म्हातारपणी तेवढंच सुख. अंगणातली तुळसही कुणीतरी मुळाशी उकरली होती. ताराने माती सारखी केली आणि मांजराला चार शिव्या घातल्या.

“आता भिवपाचा कारण ना, आई,” एका सकाळी ती आनंदाने म्हणाली. “आणि आठ दिवसांनी पट्टीय लागची ना.”

“गौरेश चवथीक येतलो?”

“रजा सगळी सोंपली त्याची. आता पुढल्या वर्साक.”

आईने पेजेची वाटी सारून दिली.

चार दिवसांनी तारा बाजारातून आली, तर पट्टीची गाठ वेगळीच दिसली. ती नेहमी उजवीकडे बांधायची. ही डावीकडे होती. तिने पट्टी सोडली. भरत आलेली जखम उघडी पडली होती, लाल, ओली. कडेला माती चिकटली होती.

ताराला डॉक्टरांचे शब्द आठवले, आणि रडूच कोसळलं. देवळात ती महिनाभर गेली नव्हती. पुडी कधीच फेकली होती.

“आई, ही माती खंयसून इली गो?”

आईने काळी नखं लुगड्याच्या पदराला पुसली आणि मोपाच्या दिशेने बघितलं.

“गौरेशाक फोन केलंस?”