मुरमाड रानातली रताळी

"वैनी, दगडावर शेण टाकून रताळी पिकत न्हाईत," बांधावर उभ्या नरसिंगनं हटकलं.

"दगड माझा हाय, भावजी. शेण बी माझंच हाय," म्हणत सिंधूनं पाटी ओतली.

सिंधूचा नवरा वारला तेव्हा धाकट्या दिरानं, या नरसिंगनं, वाटण्या केल्या. ओढ्याकाठचं कसदार काळं रान स्वतःकडं ठेवलं आणि तिला जळकोटच्या रस्त्यालगतचा हा मुरमाड तुकडा दिला. पंच त्याच्याच बैठकीतले. ती म्हशी, शेळ्या आणि लेक ऋतुजा घेऊन वेगळी झाली.

शेण, लेंड्या आणि पालापाचोळा ती खड्ड्यात कुजवायची. वास गेला, हाताला भुसभुशीत लागलं, की मगच खत रानात. उंच वरंबे ओढून त्यांवर वेल लावायची. पहिल्या साली रताळी बोटाएवढीच निघाली. गाव हसलं. दुसऱ्या साली तिनं दुप्पट खत टाकलं.

मग एका साली पाऊस उघडेचना. काळ्या रानात पाणी तुंबलं, नरसिंगचं सोयाबीन जागीच कुजलं. सिंधूच्या मुरमातून पाणी निथळून गेलं. पुढच्या साली ऐन श्रावणात पावसानं दडी मारली. काळं रान भेगाळलं. खताच्या ओलीवर सिंधूचे वेल मात्र हिरवेगार राहिले.

मनगटाएवढी रताळी निघाली. तिनं ढीग बांधालाच घातला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. निवडक रताळ्यांची पाटी दिराच्या घरी पाठवली.

थोड्याच दिवसांत नरसिंग पंचांना घेऊन दारात आला.

"रानं बदलून घेऊ, वैनी. काळं तुमी घ्या, हे मला द्या."

"मेले तरी देणार न्हाई. हाडं झिजवलीत मी हितं."

"घराण्याची जमीन हाय. मी कर्ता हाय."

"मंग कर्त्यानं तवा माझ्या गळ्यात कशाला मारली?"

पंचांनी समजावलं, मग दरडावलं. सिंधूच्या म्हशींची वाट अडवली गेली. पाण्यावर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. तरी ती हटली नाही.

"आई, झुकू नको," ऋतुजा म्हणाली.

"झुकायचं नाव कोन घेतंय?"

ती जसजशी अडून बसली, तसतसा नरसिंग इरेला पेटला. वर आंब्याखालचा गोठाही देतो म्हणाला. तेव्हा कुठं सिंधूनं, पंचांकडं न बघता, मान हलवली.

जळकोटात अदलाबदलीच्या सह्या झाल्या. सही करून सिंधूनं तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे गदगदत होते. नरसिंग मिशीवर बोटं फिरवत पंचांना चहा पाजायला गेला.

बाहेर ऋतुजाला रडू आवरेना. "एवढी भांडलीस, आन् शेवटी दिलंसच की गं! हरलीस तू, आई." तिनं रागानं आईच्या तोंडावरचा पदर ओढला.

सिंधू हसत होती.

"हळू," ती म्हणाली. "तुझा काका हितंच हाय अजून. काळं रान मी नुसतं मागितलं असतं, तर दिलं असतं का गं त्यानं?"