पिवळट चकती

कॉलेजच्या प्रदर्शनात टेबलावर मांडलेली चकती नानांची नव्हती. सौदामिनीला ते दारातूनच कळलं. इतकी पाण्यासारखी काच तिच्या वडिलांनी कधी घडवलीच नव्हती. चकतीपुढच्या कार्डावर मात्र ठळक अक्षरं होती : ‘कै. प्रा. वसंतराव यांची न तडकणारी काच’.

नानांची काच पिवळसर असे, फिक्या चहासारखी. ते तिच्यात चिमूटभर टायटॅनियम घालत. त्यानं काचेच्या पोटात स्फटिक धरत, पण इतके बारीक की आरपार दिसे. चिमूट चुकली की स्फटिक माजत आणि काच दुधासारखी पांढरी होई. ती चिमूट ठरवण्यातच त्यांची उमर गेली होती.

“सर, ही कुठली?”

विभागप्रमुख बिराजदारांनी आवाज खाली आणला. “गोलाईच्या बाजारातून कापून आणली, ताई. खिडकीची हाय. नानांची लई पिवळट दिसायली होती. कलेक्टरसाहेब म्हणले असते, दुष्काळ हाय म्हणून काच बी धुतली न्हाई!”

ते स्वतःच हसले. चघळलेली सुपारी त्यांच्या ओठांवर आली, तशी त्यांनी ती जिभेनं आत ओढली.

नव्या जिल्ह्याचे कलेक्टरसाहेब टेबलाशी थांबले. “तापवून पाण्यात टाकली तरी तडकत नाही? दाखवा बरं.”

“पाणी कशाला नासायचं, साहेब?” बिराजदार म्हणाले.

साहेबांनी हातातला अर्धा पेला पुढे केला.

“साहेब, ही माझ्या वडिलांची नाही,” सौदामिनी म्हणाली.

बिराजदारांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “महिना बी झाला न्हाई त्यांना जाऊन. पोर अजून भानावर न्हाई.” मग चिमट्यात चकती धरून ती स्पिरिटच्या दिव्यावर तापवली आणि पेल्यात सोडली.

काच तडकली. दोन तुकडे तळाशी गेले.

“शेवटी शेवटी हात थरथरायचे त्यांचे,” बिराजदार म्हणाले. साहेबांनी कणवेनं तिच्याकडे पाहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले.

तिला शिसारी आली. केसांवर अजून तो हातच असल्यासारखं वाटत होतं. ती सरळ बिराजदारांच्या खोलीत गेली.

कोपऱ्यात विजेची शेगडी लाल झाली होती. तिच्या तारांवर झाकण म्हणून नानांची चकती, चकतीवर चहाचं पातेलं. उतू गेलेला चहा थरावर थर करपला होता. तिनं पातेलं उतरवलं आणि चकती उचलायला पदर हातात घेतला.

“राहू द्या की ती, ताई,” दारातून बिराजदार म्हणाले. “साहेबांचा चहा व्हायचाय. दुसरी कुठली काच ठेवली की तडकायली.”