दुसरा टेक

व्हाइटफील्डमधल्या शाळेच्या लघुपटात छळ सोसणारी बिचारी मुलगी सौम्या झाली, आणि तिला छळणारी वर्गाची राणी झाली प्रणिता. प्रत्यक्षात नेमकं उलटं होतं, पण दिग्दर्शक वादिराजअण्णांना ते कुठून कळणार? “केस झटक, ओरड, डबा भिरकाव,” ते दर टेकला सांगत होते. “सिनेमातल्या अशा मुली पाहिल्या नाहीस?” प्रणिता वैतागली. अशा मुली ओरडतात कुठे? “अण्णा, एकदा माझ्या पद्धतीनं करते.” “सरी, ठीक आहे, कर.” ती सौम्याच्या खांद्यावर अलगद हात ठेवून गोड आवाजात म्हणाली, “इथे नको बसूस गं. तू असलीस की कुणाला जेवण जात नाही.” सौम्या हेच प्रणिताला रोज ऐकवायची. आता मात्र तिचाच चेहरा पांढराफटक पडला. “झकास,” अण्णा खूश झाले. “पुन्हा करूया, क्लोजअपमध्ये.” “नको, अण्णा,” प्रणिता म्हणाली. “मला असलं दोनदा म्हणवत नाही.”