कोरडी थंडी

लोकरीचा स्वेटर डोक्यातून ओढत दादा दारात आले. कुष्ठरोगातून बरा होऊन परतलेला धाकटा भाऊ पायरीवर उभा होता. त्याने हात पुढे केला. बोटं टेकताच चट् आवाज झाला आणि दादांनी हात मागे ओढला.

“दादा, मी पूर्ण बरा झालोय,” भाऊ म्हणाला.

“अरे, तसं नाही! कोरड्या थंडीत लोकर घासली की अंगावर विद्युतभार साचतो. शिवताच ठिणगी उडते.” जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या दादांना हे खरं कारणही सबबीसारखं ऐकू आलं.

“मग तो भार आता गेला असेल. धर की हात!” भाऊ हसला.

गेला होताच. आता ठिणगी उडणार नव्हती. तरी दादांचा हात पुढे होईना.

“थंडीच फार आहे,” म्हणत भावाने आपला हात शालीत घेतला.